संगणकाचा एसएमपीएस आवाज करतो तेव्हा : पंखा बदलावा की पेटी?

नांदेडचा इतवारा, वजिराबाद, नवा मोंढा असो की लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते असोत, संगणक आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. आडत दुकानाचा हिशेब, कापड दुकानाचे बिल, इनपेजवर जुळवली जाणारी उर्दू लग्नपत्रिका, भरतकामाच्या यंत्राची नक्षी, सेवा केंद्रातील अर्ज, ही सारी कामे एका लोखंडी कॅबिनेटच्या भरवशावर चालतात. या कॅबिनेटच्या मागील बाजूस विजेची वायर जिथे लागते तिथे एक छोटी पेटी असते. तिला बाजारात एसएमपीएस म्हणतात. काही वर्षांच्या वापरानंतर या पेटीतून घरघर, खडखड किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

अशा वेळी दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे "चालते आहे तोवर चालू द्या" असे म्हणून दुर्लक्ष करणे. मग ऐन जीएसटी विवरणपत्राच्या २० तारखेला संगणक बंद पडतो. दुसरी चूक म्हणजे मेकॅनिकने "भाई, एसएमपीएस गेला, नवा टाकावा लागेल" असे सांगताच काही न विचारता पैसे मोजणे. पहिल्या चुकीत माल जातो, दुसरीत गरज नसताना पैसा जातो. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी आवाज कशाचा आहे एवढे ओळखता आले पाहिजे. नियम सोपा आहे. आवाज पंख्याचा असेल तर पंखा बदलावा. आवाज विजेचा असेल, म्हणजे तडतड होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर पेटी बदलावी. आणि पंखा थांबलाच असेल तर संगणक पुढे चालवू नये.

ही पेटी करते काय?

आपल्या भिंतीतील सॉकेटमधून २३० व्होल्टची एसी वीज येते. संगणकाच्या आतील भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढी कमी आणि स्थिर डीसी वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो. प्रथम तो एसी विजेची डीसी करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. तिथे सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो. नंतर ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, एक छोटा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो आणि शेवटी ती पुन्हा गाळून संगणकाला दिली जाते.

या कामात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. ती उष्णता बाहेर फेकण्यासाठी पेटीत १२ व्होल्टवर चालणारा पंखा असतो. जुन्या पेट्यांत तो मागच्या जाळीला लागून ८० मिलिमीटरचा असतो. अलीकडच्या बहुतेक पेट्यांत १२० मिलिमीटरचा मोठा पंखा असतो. पेटीत सतत हलणारी वस्तू ही एकच, म्हणून झिजतेही तीच. घरघरीची बहुतेक प्रकरणे या पंख्याचीच निघतात.

आपल्याकडे ती लवकर का बिघडते?

यामागे तीन कारणे आहेत : ऊन, धूळ आणि विजेचा दाब.

एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरचा पारा ४० अंश ओलांडतो. पत्र्याच्या दुकानात तर त्याहून अधिक ताप असतो. बाहेरची हवाच इतकी तापलेली असेल तर पेटीच्या आतील भाग आणखी तापतात. कपॅसिटरबाबत कारागिरांचा एक हिशेब आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते. पंख्याच्या बुशमधले तेलही उन्हाळ्यात लवकर सुकते.

धुळीचे म्हणाल तर लातूर हे तुरीच्या डाळीचे गाव आणि नांदेड कापसाचे. डाळ मिलच्या आसपास भुशाची बारीक पूड हवेत तरंगते, तर जिनिंगच्या भागात रुईचे तंतू उडतात. रुई पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि जाळी बुजवते. भुशाची पूड आतल्या तेलकट भागावर बसून चिखलासारखा थर तयार करते. त्यातच उन्हाळ्यात कूलर थेट संगणकाच्या दिशेने लावला तर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार आत जातात. ओली धूळ वीज वाहून नेते. आतून येणाऱ्या तडतडीचे हे एक मोठे कारण आहे. पाली, झुरळे आणि मुंग्या यांनाही ऊबदार पेटी आवडते.

तिसरे कारण विजेचे. वीज जाऊन परत येते तेव्हा तिचा दाब क्षणभर उसळतो आणि तो फटका सर्वांत आधी एसएमपीएस झेलतो. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. त्या काळात दिवसातून अनेकदा वीज जात-येत असे. आजही पावसाळ्यात वादळ झाले की हाच प्रकार होतो.

आवाज ओळखावा कसा?

प्रथम आवाज खरोखर एसएमपीएसचाच आहे का, हे पाहावे. संगणकात प्रोसेसरचा पंखा, कॅबिनेटचा पंखा आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क यांचाही आवाज होतो. जाड कागदाची नळी करून तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे वेगवेगळ्या जाळ्यांजवळ धरावे. आवाज कोठून येतो ते लगेच कळते. हे करताना जाळीतून काडी, पेचकस किंवा बोट आत घालू नये. हार्ड डिस्कमधून टकटक येत असेल तर बाकी सारे सोडून आधी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी.

आवाज एसएमपीएसचाच असेल तर त्याचे पाच प्रकार ध्यानात ठेवावेत.

१) घरघर किंवा गुरगुर. सकाळी चालू करताना जास्त आणि थोड्या वेळाने कमी होते. हे पंख्याचे बुश कोरडे झाल्याचे लक्षण आहे. पंखा अजून फिरतो आहे, पण फार दिवस फिरणार नाही.

२) एकसारखी टिकटिक किंवा खडखड. बहुधा एखादी वायर, रुईचा गोळा किंवा तुटलेले पाते पंख्याला लागत असते.

३) बारीक शिट्टी. कामाचा भार बदलला की तिचा सूर बदलतो. हा आवाज आतल्या कॉइलच्या कंपनाचा असतो. पहिल्या दिवसापासून असेल तर त्रासदायक आहे, धोक्याचा सहसा नाही. वर्षानुवर्षे शांत असलेली पेटी अचानक शिट्टी वाजवू लागली तर मात्र कपॅसिटर तपासून घ्यावेत.

४) फक्त यूपीएसच्या बॅटरीवर असताना येणारी गुणगुण. लहान यूपीएसमधून बॅटरीवर येणारी वीज शुद्ध लहरीची नसते. वीज परत आल्यावर आवाज थांबत असेल तर हा दोष एसएमपीएसचा नव्हे.

५) तडतड, फटफट, सोबत जळका वास किंवा धूर. येथे विचार करत बसू नये. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा आणि ती पेटी पुन्हा चालू करून पाहू नये.

आणखी एक परीक्षा आहे. संगणक चालू असताना मागच्या जाळीपाशी तळहात धरावा. कोमट हवा बाहेर येत असेल तर पंखा काम करतो आहे. हवा येत नसेल आणि पेटी हाताला चटका देत असेल तर संगणक ताबडतोब बंद करावा. बंद पंख्यावर चालणारी पेटी आधी आपले कपॅसिटर गमावते, आणि कधी जाताजाता मदरबोर्ड व हार्ड डिस्कही घेऊन जाते. पेटी पुन्हा विकत मिळते, पाच वर्षांची खातेवही मिळत नाही.

पंखा बदलण्याचे काम

येथे एक इशारा स्पष्टपणे द्यावासा वाटतो. एसएमपीएसच्या आतील मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. ३२५ व्होल्टचा झटका जीव घेऊ शकतो. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचे काम येत नाही त्यांनी पेटी उघडू नये. त्यांनी बाहेरून धूळ काढावी आणि पुढचे काम जाणकाराकडे द्यावे. तरीही काम कसे होते ते माहीत असावे, म्हणजे काय झाले आणि कशाचे पैसे दिले हे समजते.

केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी वायरिंग उलटे असते आणि बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडते. म्हणून प्लगच काढावा. नंतर संगणकाचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि किमान १५ मिनिटे थांबावे. मागचे चार स्क्रू आणि आतील जोडण्या काढल्या की पेटी बाहेर येते. कोणती वायर कोठे होती याचा मोबाइलवर फोटो घेतल्यास गोंधळ होत नाही. पेटीच्या झाकणावर वॉरंटीचे स्टिकर असेल तर ते फाडण्याआधी मुदत पाहावी. मुदत शिल्लक असेल तर पेटी न उघडता विक्रेत्याकडे न्यावी.

झाकण उघडल्यावर जाणकार मेकॅनिक आधी मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून मोठ्या कपॅसिटरचा दाब मोजतो. दाब शिल्लक असेल तर सुमारे दोन किलो-ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून काही सेकंद तो उतरवतो आणि पुन्हा मोजतो. पेचकसाने ठिणगी पाडून कपॅसिटर उतरवणारा माणूस घाईचा समजावा.

नवा पंखा घेताना चार गोष्टी जुळाव्यात : लांबी-रुंदी, जाडी, १२ व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा. वेग जुन्यापेक्षा कमी नसावा. शांत पंख्याच्या मोहात संथ पंखा बसवला तर आवाज जातो, पण उष्णता आतच राहते. पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो. जुना पंखा ज्या दिशेने हवा ढकलत होता त्याच दिशेने नवा बसवावा. बुशचा आणि बॉल बेअरिंगचा असे दोन प्रकार मिळतात. बुशचा पंखा सुरुवातीला अधिक शांत असतो, पण उष्णतेत लवकर झिजतो. आपल्या उन्हाळ्यासाठी बॉल बेअरिंगचा पंखा घेणे शहाणपणाचे.

तेल घालावे का, असे अनेक जण विचारतात. पंख्याच्या मधोमध असलेल्या कागदी स्टिकरखाली बुश असते. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून स्टिकर पुन्हा नीट चिकटवले तर काही दिवस किंवा काही महिने निभावतात. हा तात्पुरता इलाज आहे. खोबरेल तेल मात्र कधीही घालू नये, ते चिकट होऊन पंखा जाम करते. तेल जास्त झाले तर त्यावर धूळ बसते. पंखा तसा स्वस्त असतो, म्हणून पेटी एकदा उघडलीच आहे तर पंखा बदलणेच परवडते.

पेटी कधी बदलावी?

आत जळल्याचा काळा किंवा तपकिरी डाग असेल, एकाहून अधिक कपॅसिटरची डोकी फुगलेली असतील, किंवा मोजलेला दाब ठरलेल्या मर्यादेत नसेल तर पेटी बदलावी. मर्यादा पाच टक्क्यांची आहे. १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ एवढे मीटरवर दिसले पाहिजे. मेकॅनिकला हे आकडे आपल्यासमोर मोजून दाखवायला सांगावे. त्यात अवघड काही नाही, आणि प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

नवी पेटी घेताना केवळ "४५० वॅट" हा मोठ्या अक्षरातला आकडा पाहू नये. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि गुणाकार करावा. १२ व्होल्टवर १४ अँपिअर म्हणजे १६८ वॅट. आजच्या संगणकाचा बहुतेक भार याच १२ व्होल्टवर असतो, म्हणून अशी पेटी नावाला ४५० ची आणि कामाला त्याच्या निम्म्याहून कमी. दुसऱ्या पेटीवर २५ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर ३०० वॅट मिळतात. बिल आणि हिशेबाचा साधा संगणक, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, सहसा १५० वॅटसुद्धा घेत नाही. म्हणजे मोठ्या आकड्याची हलकी पेटी घेण्यापेक्षा लहान आकड्याची खरी पेटी घ्यावी. हातात घेतल्यावर फारच हलकी लागली तर आतला माल कमी केलेला असण्याची शक्यता असते. "८० प्लस" ही खूण २००४ पासून चालत आली आहे. ती असलेली पेटी वीज कमी वाया घालवते, म्हणजेच कमी तापते आणि तिचा पंखाही सावकाश चालतो.

दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असे लाल बटण असते. ते ११५ वर राहिले तर आपल्या विजेवर पेटी लावताच फुटते. दुसरे असे की, अलीकडे बाहेरून आलेले वापरलेले कंपनी संगणक स्वस्तात मिळतात. डेल, एचपी, लेनोवो यांच्या काही मॉडेलांत एसएमपीएसचा आकार आणि जोडणी नेहमीपेक्षा निराळी असते. तेव्हा जुनी पेटी सोबत नेऊन ताडून पाहावी. खरेदी नेहमी बिलावर करावी आणि बिलावर पेटीचा क्रमांक लिहून घ्यावा. बिल नसेल तर वॉरंटी हा केवळ तोंडचा शब्द राहतो. बिल असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगापर्यंत दाद मागता येते.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार दुकानदार वारंवार करतात. पेटी खराब आहे असे समजून ती बदलली जाते आणि झिणझिण्या तशाच राहतात. कारण दोष पेटीत नसून अर्थिंगमध्ये असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या लहान कपॅसिटरमधून थोडी वीज लोखंडी कॅबिनेटवर येते. ती अर्थच्या वायरने जमिनीत उतरायची असते. अर्थ नसेल तर ती आपल्या हाताची वाट पाहते. म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्याचा उद्योग बंद करावा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ आणि न्यूट्रल यांच्यातील दाब मोजून घ्यावा. तो दोन-चार व्होल्टच्या पुढे जाऊ नये.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. अर्थिंगचा खड्डा ओला राहिला तरच काम करतो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. अशा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याची आठवण कोणाला राहणार? पण भांडी धुतलेले पाणी का होईना, आठवड्यातून एकदा त्यात ओतावे.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी दोन शब्द

हा धंदा करणारी अनेक मुले आपल्या समाजात आहेत. आयटीआय करून किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकून त्यांनी छोटी दुकाने टाकली आहेत. या व्यवसायात कमाई हातापेक्षा भरवशावर अवलंबून असते, कारण गिऱ्हाइकाला आतले काही दिसत नाही. म्हणून बदललेला जुना पंखा गिऱ्हाइकाला परत द्यावा आणि काय बदलले ते चिठ्ठीवर लिहावे. पंख्याचे काम करून नव्या पेटीचे पैसे घेणारा एकदा कमावतो, खरे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक शेजाऱ्यालाही घेऊन येते.

कपॅसिटर बदलताना १०५ अंशांचाच घ्यावा, मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त असावेत, धन-ऋण उलटू देऊ नये. दुरुस्त पेटी थेट लाइनवर न लावता आधी साध्या बल्बच्या सिरीजमध्ये लावावी. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडात पेटत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचे पाते धरून ठेवावे, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होते. निकामी पेट्या जाळून तांबे काढण्याचा प्रकार तर पूर्ण बंद व्हावा. त्या धुरातील विष आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे.

शेवटी हिशेब

संगणक जमिनीवर न ठेवता फूटभर उंच ठेवावा आणि मागे वीतभर जागा सोडावी. चालू असताना त्यावर कापड टाकू नये. मोंढ्यात, डाळ मिलजवळ किंवा जिनिंगच्या भागात दर दोन-तीन महिन्यांनी आणि इतरत्र सहा महिन्यांनी धूळ काढून घ्यावी. हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवावी.

आणि आवाज सुरू झालाच, तर मेकॅनिकला तीन आकडे विचारावेत : पंखा मजुरीसह कितीला, कपॅसिटरचे काम कितीला, आणि बिलासह चांगली नवी पेटी कितीला. पेटी पाच वर्षांच्या आतली आणि चांगल्या मालाची असेल तर पंख्याचा खर्च वसूल होतो. पेटी जुनी आणि हलकी असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जात असेल तर नवी घ्यावी. आवाज सुरू झाल्यापासून पंखा थांबेपर्यंत सहसा काही दिवसांची सवड मिळते. ती वाया घालवू नये.